छप्पन्न दिवसांचं पाणी

बातमी आली तेव्हा मी नवी पेठेत एका कापडाच्या दुकानात बसून चादरींच्या रंगावरून बायकोशी वाद घालत होतो. भाच्याच्या वास्तुशांतीला द्यायच्या होत्या. फोन सुनीताचा होता. ती माझी जुनी विद्यार्थिनी. मी निवृत्त झाल्यापासून आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली काँक्रीट तपासायची प्रयोगशाळा तीच सांभाळते. "सर, अंबादासमामा गेले... मंगळवारी. मला आत्ता कळलं," ती म्हणाली. त्या दिवशी शुक्रवार होता. मी "बरं" म्हणालो. माणूस गेल्याचं ऐकून "बरं" म्हणणारा मास्तर... पण तोंडातून तेवढंच निघालं. फोन ठेवला आणि दुकानदाराने उलगडलेल्या दोन चादरींपैकी कुठली हवी, याला "कुठलीही दे" असं उत्तर दिलं. बायको चमकून बघायला लागली, कारण लग्न झाल्यापासून मी कशालाही "कुठलीही" म्हटलेलं तिने ऐकलं नव्हतं. रिक्षात बसल्यावर तिला सांगितलं. ती म्हणाली, तुमचे ते प्रयोगशाळेतले मामा? मग दुकानातच का नाही बोललात, तिथूनच त्यांच्या घरी गेलो असतो. मी रिक्षावाल्यावर उगाचच खेकसलो, जरा हळू चालव म्हणून. त्यांच्या घरी जायची मला भीती वाटत होती. ती का, हे सांगायलाच हा लेख लिहायला घेतला आहे.

अंबादासमामा आमच्या प्रयोगशाळेचे सहायक. हजेरीपटावर त्यांचं नाव-आडनाव सगळं होतं, पण कॉलेजात पोरांपासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. घर सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, घरची भाषा तेलुगू, वडील आणि दोन्ही थोरले भाऊ मागावर. हे एकटे दहावी होऊन नोकरीला लागले, म्हणून घरात त्यांना थोडा मान आणि पुष्कळ टोमणे मिळत. मी एम.ई.ची ताजी पदवी खिशात घालून रुजू झालो तेव्हा ते तिथे मुरलेले होते. पहिल्याच आठवड्यात मी विद्यार्थ्यांना काँक्रीटचा ठोकळा कसा भरायचा ते दाखवत होतो. लोखंडी साच्यात काँक्रीट तीन थरांत भरायचं आणि प्रत्येक थराला सळईने पस्तीस ठोके द्यायचे, म्हणजे आत हवा राहत नाही. मी ठोके देता देता व्याख्यान झोडत होतो. पोरं गेल्यावर मामांनी साचा उचलला आणि मी भरलेलं सगळं काँक्रीट शांतपणे परत घमेल्यात ओतलं. "सर, पस्तीस असतात. तुमी बावीस मारले," ते म्हणाले. मला राग आला. चार दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो. मग लक्षात आलं की हा माणूस ठोके मोजताना ओठांतल्या ओठांत तेलुगू पुटपुटतो, ओकटी, रेंडू, मूडू... आणि मुप्पै ऐदूला थांबतो. इतक्या वर्षांत ऐकून ऐकून मलाही पस्तीसपर्यंत तेलुगू आकडे पाठ झाले. छत्तीसला काय म्हणतात ते आजही ठाऊक नाही.

साच्यातून काढलेले ठोकळे पाण्याच्या टाकीत ठेवतात आणि ठरलेल्या दिवशी मशीनखाली फोडून किती दाब सोसतात ते बघतात. सगळ्यांना माहीत असलेला दिवस अठ्ठाविसावा. सिमेंटची ताकद बहुतेक तोवर भरलेली असते, म्हणून सगळे करार आणि सगळे कागद त्या एका आकड्यावर चालतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात टाकीचं पाणी तापतं. मामा सकाळी आल्या आल्या त्यात कोपर बुडवून बघायचे, तान्ह्या मुलाच्या अंघोळीचं पाणी बघावं तसं. भिंतीवर थर्मामीटर टांगलेला होता. मी तो दाखवला की म्हणायचे, तो तुमच्यासाठी हाय की.

मामांना काँक्रीटच्या भेगांची चीड होती. आमच्याकडचं ऊन असं की सकाळी घातलेल्या कोब्यावर संध्याकाळी केसासारख्या भेगा. मी त्यांना कारणं सांगायचो, बाष्पीभवन वगैरे. एकदा ते मधेच म्हणाले, ह्याला नुसता ताणा हाय सर, बाणा न्हाय. उभं सूत हाय, आडवं न्हाय, मग फाटणारच. सळ्या खाली असतात, वरची कातडी उघडीच. त्या कातडीत धागा पेरायचा, असं त्यांच्या डोक्यात आलं. तंतू घातलेलं काँक्रीट जगात नवं नव्हतं, माझ्याकडे त्यावरची पुस्तकंही होती. पण मामांनी पुस्तक विचारलं नाही, भावाच्या मागाखाली पडलेलं सुताचं जळमट पिशवी भरून आणलं. पहिले ठोकळे सुरेख आले. भेग नाही, काही नाही. मामा आठवडाभर हवेत. मी पैजेवर सांगत होतो की सूत टिकणार नाही. काही महिन्यांनी एक ठोकळा फोडला तर आत धाग्यांच्या जागी नुसत्या बारीक पोकळ नळ्या. सिमेंटच्या क्षारात सूत कुजून गेलं होतं. विणकराच्या घरात जन्मलेल्या माणसाने सुतावर नको इतका विश्वास ठेवला, दुसरं काय. मामा त्या तुकड्याकडे बघून स्वतःशीच हसले आणि म्हणाले, बापाला सांगत न्हाय, लई वाईट वाटंल त्याला.

मग आली साखरेची पोती. आमच्या जिल्ह्यात साखर कारखान्यांना तोटा नाही, आणि फाटक्या प्लॅस्टिकच्या पोत्यांनाही. त्यांचे धागे क्षाराला दाद देत नाहीत. मामांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, दुपारी पोती उसवून धागे काढायच्या आणि दोन बोटं लांबीचे तुकडे करून द्यायच्या. पहिल्या वेळी ते तुकडे काँक्रीटमध्ये गोळे होऊन बसले. मामांनी धागे आधी पिंजायला सुरुवात केली आणि पोह्यांवर खोबरं भुरभुरावं तसे थोडे थोडे घालायला लागले. कारखान्यातून पोत्यांबरोबर राखही आली. बॉयलरमध्ये उसाची चिपाडं जळतात त्यांची राख. गळीत हंगामात ती वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी होऊन बसते आणि आसपासच्या बायका कारखान्याचा उद्धार करतात. ती नीट जळलेली असली, चाळून दळून घेतली, तर सिमेंटचा काही हिस्सा कमी करून तिथे घालता येते. हे मात्र मी त्यांना शिकवलं, एवढं श्रेय घेतो. वर्षभर आम्ही दोघं राख चाळत होतो. काळी तोंडं घेऊन बाहेर आलो की सहकारी विचारायचे, काय मास्तर, धुळवड का? मामांना तर काहींनी राखमामा असं नावच ठेवलं. ते चिडत नसत. मी चिडायचो, पण त्यांच्यासाठी नाही. त्यांच्याबरोबर माझंही नाव निघतं म्हणून.

त्या राखेची एक खोड आहे. ती सावकाश काम करते. राख घातलेलं काँक्रीट अठ्ठाविसाव्या दिवशी मागे असतं आणि पुढच्या महिन्यात भरून काढतं, फक्त तेवढे दिवस त्याला पाणी मिळालं पाहिजे. म्हणून अशा मिश्रणाचा निकाल छप्पन्न दिवसांनी बघायचा, असं आधी लिहून घेता येतं. आमच्या मिश्रणाचे ठोकळे आम्ही किती वेळा फोडले असतील! दर वेळी तेच. अठ्ठावीसला नापास, छप्पन्नला पहिला वर्ग. माझ्या वर्गात अशी बरीच मुलं होती, पण त्यांच्या बाबतीत मला हे कधी सुचलं नाही, हे आत्ता लिहिताना जाणवलं.

होटगीच्या पुढे एक लहान गाव आहे. तिथे आठवड्याला शेळ्या-मेंढ्यांचा बाजार भरतो. बाजाराची जागा म्हणजे पावसाळ्यात चिखल आणि एरवी धूळ. गावाने तिथे काँक्रीटचा मोठा ओटा करायचं ठरवलं. खुरांनी आणि मुताने साधा कोबा दोन वर्षांत उखडतो, हा त्यांचा अनुभव. गावातले एक वयस्कर मेंढपाळ, बिरूतात्या, तपासणीसाठी खडी घेऊन प्रयोगशाळेत आले होते. त्यांची मामांशी गट्टी जमली आणि मामांनी त्यांना आमचे ठोकळे दाखवले. तात्यांनी हातोडी मागून घेतली, एक ठोकळा बडवला आणि म्हणाले, हेच पायजे. मिश्रण आमच्या प्रयोगशाळेने द्यायचं ठरलं. कागदावर सही प्रयोगशाळेचा प्रमुख म्हणून माझी. ओटा घातला त्या दिवशी मामा रजा टाकून पहाटेपासून तिथे उभे होते. धागे स्वतःच्या हाताने भुरभुरले. वर ओलं बारदान अंथरून गावातल्या बायकांना सांगून आले, छप्पन्न दिवस पाणी मारा, एक दिवस चुकवू नका. सहा ठोकळे भरून आणले. तीन अठ्ठावीसला फोडायचे आणि तीन छप्पन्नला.

आता चूक सांगतो. करारात निकालाचा दिवस अठ्ठाविसावाच लिहिला होता. छापील नमुन्यात तोच असतो. तो खोडून छप्पन्न करायला मीच विसरलो होतो. विसरलो म्हणजे सही करायची घाई होती, आणि नमुना वाचायचा कंटाळा. तो दिवस जवळ आला तेव्हा आमच्या प्रयोगशाळेला बाहेरून मान्यता मिळवायचं घोडं अडलेलं होतं. पाहणीसाठी तीन मंडळी येणार होती आणि कपाटातला प्रत्येक कागद बघणार होती. अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी मामा माझ्या टेबलापाशी आले. सहसा ते उंबऱ्यातूनच बोलत. "सर, ह्ये आज कमी भरणार, तुमाला ठाव हाय. फोडायचं तर फोडा. पण खाली एक ओळ लिवा, राख हाय, शेवटचा निकाल छप्पन्नला. एवढी एकच ओळ, सर."

ती ओळ लिहिणं माझ्या अधिकारात होतं, योग्यही होतं. पण अहवालात एक रकाना असतो, मिश्रण कुणी ठरवलं. ओळ लिहिली की चौकशी होणार, चौकशी झाली की तो रकाना भरावा लागणार. तिथे माझं नाव घातलं तर करारातली चूक माझ्या गळ्यात. अंबादासमामांचं घातलं तर पाहणीची मंडळी हसून विचारणार, तुमच्याकडे मिश्रण दहावी झालेला सहायक ठरवतो का? मला त्या हसण्याची लाज वाटली. दुसरं कारण शोधायचा मी इतक्या वर्षांत पुष्कळ प्रयत्न केला, सापडलं नाही. तिन्ही ठोकळे फोडले, आकडे कमी आले. मी "अपेक्षित ताकद नाही" असं लिहून सही केली. रकाना कोरा ठेवला. मामा मशीनजवळ उभे होते. त्यांनी तुकडे भरले, मशीन पुसलं आणि जेवायला गेले.

कागद फिरायला वेळ लागला नाही. ओटा फोडून नवा घालायचा हुकूम निघाला. मी तिकडे गेलो होतो, कुणी बोलावलं नव्हतं तरी. तोवर दीड महिना झाला होता, आणि बायका पाणी मारतच होत्या. थांबा म्हणून त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. फोडायला आणलेला ब्रेकर दिवसभर थडथडत होता. एका दिवसात उरकेल म्हणून ठरवलेलं काम तीन दिवस चाललं. ब्रेकर चालवणारा वैतागून कॉम्प्रेसर बंद करायचा, हात झाडायचा आणि परत सुरू करायचा. तुकडे पडले तरी एकमेकांपासून सुटत नव्हते. पोत्याच्या धाग्यांनी धरून ठेवलेले, लोंबकळत राहायचे. बिरूतात्या काठी टेकून बघत होते. त्यांना माझी सही ठाऊक होती की नाही, कोण जाणे. ते म्हणाले, "सायेब, ह्यो कच्चा म्हनं. मंग पक्का कसला असतुया, ते तरी दावा आमाला." मी म्हणालो, कागदावर कमी आलंय, तात्या. त्यांनी एक तुकडा काठीने उलटा केला, धागे बघितले आणि बाजाराच्या दुसऱ्या टोकाला निघून गेले.

छप्पन्नाव्या दिवशी मामांनी उरलेले तीन ठोकळे फोडले. मला विचारलं होतं, मशीन लावू का, तुमी येता? मी मीटिंग आहे म्हणालो. मीटिंग चारला होती आणि हे सकाळी अकराला. दुपारी टेबलावर पेपरवेटखाली एक चिठ्ठी होती. तीन आकडे, तारीख, आणि त्यांची गिचमीड सही. तिन्ही आकडे हव्या त्या ताकदीच्या वर होते, चांगले वर. मी चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि खणात टाकली. त्या चिठ्ठीवर मी त्यांच्याशी एक शब्दही बोललो नाही. त्यांनी कधी विचारलं नाही. आमच्या प्रयोगशाळेला मान्यता मिळाली, पेढे वाटले, मामांनीच ते आणले होते.

त्यानंतर ते काही बदलले वगैरे नाहीत. तसेच वेळेवर यायचे, पाण्यात कोपर बुडवायचे, पस्तीस मोजायचे. फक्त राख पुन्हा आणली नाही. मी एकदा म्हणून बघितलं, मामा, परत थोडं काम करायचं का त्याच्यावर, यंदाचे विद्यार्थी चांगले आहेत. ते म्हणाले, आता वैनीला पोती उसवाय होत न्हाय सर, डोळे दुखतात. स्वतःच्या बायकोला ते माझ्यासमोर वैनीच म्हणत, मी म्हणतो म्हणून. निवृत्त झाले तेव्हा निरोपाचं भाषण मीच केलं. वक्तशीरपणावर बोललो, स्वच्छतेवर बोललो, तेलुगू आकड्यांचा किस्सा सांगून लोकांना हसवलं. राखेच्या मिश्रणाचा उल्लेख केला नाही. समोर ते हार घालून बसले होते आणि सगळ्यांबरोबर हसत होते. भाषण संपेपर्यंत मला वाटत होतं की आता बोलावं, आता बोलावं... आणि मग चहा आला.

शेवटची भेट ह्या वर्षी होळीच्या आसपास, एका मेडिकलच्या दुकानासमोर. दोघांच्या हातांत गोळ्यांच्या पिशव्या. त्यांचा चेहरा उतरलेला होता, पण उत्साह तोच. निवृत्तीनंतर गल्लीत कुणाचा उंबरा, कुणाचा मोरीचा ओटा, असं फुकट काम करत असत, ते मला ऐकून माहीत होतं. म्हणाले, राख परत आणायला लागलोय, सर. आता घरचं अंगण घालणार, तेच मिश्रण. सांगताना माझ्याकडे न बघता रस्त्याकडे बघत होते. "या बघायला. घाई न्हाय, भरू द्या पयला." मी नक्की येतो म्हणालो. त्या क्षणी, त्या फुटपाथवर, एक वाक्य बोललो असतो तर आज हा लेख वेगळा झाला असता. मागून मोटारसायकलवाला हॉर्न वाजवत होता, आम्ही बाजूला झालो, आणि ते त्यांच्या बाजूने गेले, मी माझ्या.

ते गेल्याचं कळल्यावरही मी तीन आठवडे ढकलले. दहाव्याला जायला हवं होतं, गेलो नाही. पाठ धरली आहे असं सांगितलं. शेवटी बायकोने रिक्षा दारात आणून उभी केली आणि म्हणाली, मी येत नाही, तुम्ही एकटे जा. तिला सगळं माहीत होतं असं नाही, पण इतकी वर्षं एका घरात राहिल्यावर माणसाला वास लागतोच. जाताना मी रिक्षात वाक्यं जुळवत होतो. वहिनी, मला एक सांगायचंय. वहिनी, तुम्हाला कदाचित आठवत असेल... मास्तरला सवय असते, वर्गात शिरायच्या आधी पहिलं वाक्य तयार लागतं.

वहिनी उंबऱ्यात बसल्या होत्या. अंगणभर ओलं बारदान पसरलेलं होतं, कडेने फळी टाकून यायला-जायला वाट ठेवलेली. मी फळीवरून तोल सावरत आत गेलो. त्यांनी चहा टाकला आणि सांगितलं ते असं, की मामांनी धाकट्या भावाच्या मदतीने एका दिवसात अंगण घातलं. पाचव्या दिवशी सकाळी पाणी मारायला उठले, अर्ध्या अंगणाला मारलं, छातीत कळ आली म्हणून भिंतीला टेकले. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. परत आल्यावर घरात माणसं मावत नव्हती, तरी उरलेल्या अर्ध्या अंगणाला वहिनींनी पाणी मारलं. तेव्हापासून रोज दोन वेळा. हे सांगताना त्यांना रडू आलं नाही, मला आलं. मी चष्मा पुसायचं निमित्त केलं. चहा संपला तरी माझं तयार केलेलं वाक्य काही बाहेर येईना. कपातला गाळ बघत बसलो.

हा उन्हाळा सोलापूरकरांना वेगळा सांगायला नको. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि आलं की घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवावं लागतं. त्यांच्या स्वयंपाकघरात पिंप, घागरी, कळश्या, अगदी कुकरसुद्धा भरून ओळीने मांडलेले दिसत होते. त्यातल्या दोन घागरी रोज अंगणात जात होत्या. वहिनींनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. त्यावर घातल्या दिवसापासून पेन्सिलीच्या रेघा होत्या, पहिल्या पाच मामांच्या हातच्या सरळ, पुढच्या वाकड्यातिकड्या. म्हणाल्या, "सर, बरं झालं आला. काल अठ्ठावीस झाले. दीर म्हनतो, सगळीकडं अठ्ठावीसलाच बंद करतात, प्यायला पाणी न्हाय आन तुमी अंगनात वतता. ह्यांनी मरायच्या आधी छप्पन्न म्हनलं होतं. माझं ऐकत न्हाय कोन. तुमी शिकिवनारे. तुमी सांगा, बंद करू का?"

दीर दारात येऊन उभा होता. तो माझ्याकडेच बघत होता, मोठ्या आशेने. त्याच्या पाण्याचा प्रश्न होता. खरं सांगायचं तर अंगणाला कोण मशीनखाली घालणार होतं? आणखी अठ्ठावीस दिवस पाणी नाही मारलं तरी ते अंगण त्या दोघांना पुरलं असतं. बंद करा म्हटलं असतं तर घरात कुणाचीच अडचण झाली नसती.

"बंद नका करू," मी म्हणालो. "राख घातली की छप्पन्नच लागतात. त्यांचं बरोबर आहे. होटगीकडच्या ओट्याच्या वेळीही त्यांचंच बरोबर होतं, वहिनी. चुकीचं मी लिहिलं होतं."

दिराने मान हलवली आणि आत निघून गेला. त्याला ओट्याचं काही माहीत नसावं. वहिनींना होतं. त्यांना राग आला असता तर मला सोपं गेलं असतं. आमटीत मीठ कमी पडलंय हे सांगावं इतक्या साध्या आवाजात त्या म्हणाल्या, "ह्ये त्यांना सांगायचं होतं की, सर."

मग त्या उठल्या, घागर कमरेवर घेऊन आल्या आणि मला फळीवरून जरा बाजूला व्हायला सांगितलं. संध्याकाळचं पाणी मारायची वेळ झाली होती.